नीलिमाताईचं भांडण

नीलिमाताई विद्यापीठाच्या कुठल्याही ऑफिसात खुर्चीवर बसत नसे. "बसलं की 'नाही' ऐकून मुकाट्यानं उठा लागते," ती म्हणायची. काउंटरवर कोपरं टेकून ती उभी राहायची आणि समोरच्याला नियम मोठ्यानं वाचायला लावायची. ती नागपूरची, ह्यूस्टनला आमच्याच विभागात पीएच.डी. करणारी. महाराष्ट्र मंडळातल्या बायका तिला भांडकुदळ म्हणत.

मी करमाळ्याच्या शाळेत शिकलेली, घरातली पहिली पदवीधर. काकांनी आम्हाला ग्रीन कार्डावर बोलावलं. आईबाबांचं इथे मन रमलं नाही, ते परत गेले. मी ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला काकांकडे राहून बी.एस. झाले. त्या उपकारांनी मान इतकी वाकलेली, की एम.एस.साठी आर्थिक मदतीचा अर्ज काका स्वतः भरायला बसले तेव्हा मला भरूनच आलं. 'विद्यार्थी आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र आहे का?' या प्रश्नाला त्यांनी 'नाही' केलं. "बाप जिवंत, काका जिवंत, आणि स्वतंत्र कसली?" बापाच्या रकान्यात त्यांनी आपलं नाव घातलं आणि आपला तेल कंपनीतला पगार. "तू माझीच मुलगी ना?"

उत्तर आलं: कुटुंबाचं उत्पन्न पुरेसं आहे, मदत मिळणार नाही. मग फीचं काय, असं मी चाचरत विचारलं. काका म्हणाले, "यंदा निखिलचं कॉलेज आहे. तू वर्षभर थांब. तोवर स्थळं बघू." निखिल त्यांचा मुलगा. थांबले तर माझा प्रवेश रद्द होणार, हे त्यांना माहीत होतं.

लॅबमध्ये मी रडताना ताईनं पाहिलं आणि अर्जाची प्रत माझ्या हातातून ओढून घेतली.

"हा बाप कोण?"

"काका."

"त्यांचा पगार तुला मिळते?"

"नाही."

"मग काहून लिहिला? अगं, मास्टर्स करणारी पोरगी नियमानंच स्वतंत्र असते. लग्न झालेलं असायची गरज नाही, कोणाची परवानगी नको. अन् तू रडून राहिली!"

त्याच संध्याकाळी ती माझ्याबरोबर घरी आली. काकूंनी पोहे पुढे केले, तिनं हात लावला नाही.

"हा आमच्या घरातला प्रश्न आहे," काका म्हणाले.

"काका, बाप म्हणून नाव घालायची हौस आहे न, मग बाप म्हणून चेकही फाडा. नाहीतर नाव खोडा."

"आम्ही मेलो का हिला?" काका माझ्याकडे वळले. "मंगल, तूच सांग. कोणाची आहेस तू?"

ताईही माझ्याकडे बघत होती, पण मदतीला एक शब्द देईना.

"काका, नाव खोडा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अर्जाची दुरुस्ती मीच केली. ताई दाराबाहेर थांबली. कर्ज मंजूर झालं, थोडी फी माफ झाली. काकांचं घर सुटलं. मी ताईच्या खोलीवर राहायला गेले.

ज्या ताईला हे सगळे नियम तोंडपाठ, तिला त्यातला एकही लागू नव्हता. ती स्टुडंट व्हिसावर. आमचे विभागप्रमुख दर पॉटलकला, म्हणजे सगळ्यांनी घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, म्हणायचे, "वी आर अ फॅमिली हिअर," आणि तिच्या हातचा मसालेभात दोनदा वाढून घ्यायचे. संशोधनाची ग्रँट आटली तेव्हा याच माणसानं तिची असिस्टंटशिप, म्हणजे फी आणि पगार दोन्ही, दोन ओळींच्या ईमेलनं कॅन्सल केली. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. ती सगळ्यांशी भांडली. उपयोग झाला नाही. फी भरता येईना, म्हणून व्हिसाही गेला आणि तिला प्रबंध अर्धवट टाकून नागपूरला परतावं लागलं.

विमानतळावर मी म्हणाले, "ताई, तुझे उपकार..."

"उपकार काहून? हक्क होता तुझा," ती खेकसली. "मला..." वाक्य तिनं पुरं केलं नाही. बॅग ओढत आत निघून गेली.

मंडळात कोणीतरी म्हणालं, "फार तापट होती, म्हणून असं झालं." ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

माझा एम.एस.चा प्रबंध पुरा झाला. प्रबंधाच्या पहिल्या पानावर विभागाचे आभार मानायची आमच्याकडे रीत होती. आभार मानणं हा माझा जन्माचा स्वभाव. मी त्या पानावर एकटं नीलिमाताईचं नाव लिहिलं. विभागप्रमुखांनी पान उलटसुलट करून पाहिलं. "डिपार्टमेंटचं राहिलं वाटतं?"

"राहिलं नाही," मी म्हणाले. "घातलं नाही."