आमच्या बास्केटबॉलच्या मॅडम

“बोला सर, मी ऐकून राहिले.”

असं म्हणताना मॅडमची नजर तुमच्याकडं नसायची, मैदानावर असायची. तुम्ही अगदीच मध्ये आलात तर बोलता बोलता दंडाला धरून तुम्हाला बाजूला सरकवायच्या. आमच्या मुख्याध्यापकांनाही त्यांनी एकदा असंच सरकवलं. ते आधी दचकले, मग मुलींचा खेळ बघत उभे राहिले आणि कशासाठी आलो होतो तेच विसरून गेले.

मी लातूरच्या एका शाळेत मराठी शिकवतो. मॅडम आमच्याकडं क्रीडाशिक्षिका म्हणून आल्या तेव्हा शाळेमागं बास्केटबॉलचं मैदान होतं, पण ते नुसतं म्हणायला. दोन खांब, गंजलेल्या रिंगा, आणि मधल्या जागेत आम्हा शिक्षकांच्या दुचाक्या. कारण तिथं निंबाची सावली पडायची! मॅडमनी कुणाशी वाद घातला नाही. मुलींना गाड्यांच्या मधूनच बॉल आपटत पळायला लावलं. आधी गणिताच्या सरांच्या गाडीचा आरसा गेला, मग माझ्या. मी तक्रार घेऊन गेलो, तर म्हणाल्या, “काय करावं सर, पोरी नवीन हाईत. अजून वळायला येईना त्यांना.” चेहरा इतका निरागस, की मी मुकाट्यानं गाडी नेऊन उन्हात लावली. बाकीच्यांच्याही गाड्या एकेक करून माझ्या शेजारी आल्या.

आता लातूरचं तुम्हाला माहीतच आहे. इथं मूल चालायला लागलं की कोणत्या क्लासला घालायचं याची चर्चा सुरू होते. आठवीत वैष्णवी नावाची एक उंच, काटक मुलगी होती. तिच्या वडिलांची मार्केट यार्डात तुरीची आडत. मॅडम तिला संघात मागायला घरी गेल्या तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, बॉल टाकून डॉक्टर होता येतंय का?”

“न्हाई होता येत,” मॅडम म्हणाल्या. “पण बॉल टाकल्यानं कुणाचं डॉक्टर व्हायचं राहिलंय का, तेवढं सांगा.”

वडील हसले आणि त्यांनी चहा सांगितला. दुसऱ्या दिवशी वैष्णवी मैदानावर आली.

ती नववीत गेली त्या वर्षी आमचा संघ विभागाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. सामना नांदेडला होता. सोबत आणखी एक शिक्षक हवा म्हणून मीही निघालो. अहमदपूर मागं पडलं, मुली गाण्याच्या भेंड्यांत रंगल्या, आणि मॅडम पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलल्या.

त्या भोकरकडच्या एका खेड्यातल्या. नांदेडला कॉलेजात नाव घालायला रांगेत उभ्या होत्या, तेव्हा खेळाच्या सरांनी लांबूनच विचारलं, “ए पोरी, स्टुलावर उभी हायस का?” स्टूल नव्हतं. त्याच संध्याकाळी त्यांच्या हातात बॉल आला आणि पुढं त्या विद्यापीठाच्या संघातून खेळल्या. एका सामन्यात गुडघा दुखावला. सरांनी विचारलं, “खेळतीस का?” या म्हणाल्या, “हाव सर, काही न्हाई झालं.” पुढच्याच उडीला गुडघ्यात कट्कन वाजलं. ऑपरेशन झालं, चालणं सुधारलं, उडी मात्र परत आली नाही.

“सरांचा दोष न्हाई,” मॅडम म्हणाल्या. “मीच खोटं बोलले. पण त्या वयात सगळ्याच बोलतात हो. खेळायचं असतं ना!”

“मग पुढं?” मी विचारलं.

“पुढं काय, लई दिवस मैदानाच्या रस्त्यानंसुद्धा गेले न्हाई. मग सुट्टीत गावाकडं पोरींना सहज खेळ शिकवून राहिले होते. एकीची बास्केट पडली. तिची पडली, पण मलाच उडी मारल्यावानी झालं. म्हटलं, हे बी चालतंय की.”

त्या दिवशी सामना शेवटपर्यंत बरोबरीत होता. थोडाच वेळ उरला असताना वैष्णवी उडी मारून खाली आली आणि तिचा पाय जरा वाकडा पडला. ती लगेच उठून पळायलाही लागली. आम्हा कुणाला काही वाटलं नाही. मॅडमनी खेळ थांबवून घेतला.

“गुडघा दुखतोय?”

“नाही मॅडम.”

“वर बघून सांग.”

“खरंच काही नाही झालं. मी खेळते.”

मॅडमनी तिला बाकावर बसवलं. वैष्णवीचे वडील मुद्दाम लातूरहून आले होते. ते पायऱ्यांवरून ओरडले, “अहो, ती चांगली हाय म्हणून राहिली ना!” मीही म्हणालो, “मॅडम, आता थोडक्यासाठी कशाला?” त्या वैष्णवीच्या गुडघ्यावर बर्फ धरून बसल्या.

आम्ही एका बास्केटनं हरलो. परतीच्या वाटेवर वैष्णवी मॅडमपासून लांब, मागच्या सीटवर जाऊन बसली.

लातूरच्या डॉक्टरांनी गुडघा तपासून सांगितलं, की आतलं लिगामेंट ताणलं आहे. आणखी खेळली असती तर तुटलं असतं. वडील शाळेत आले. म्हणाले, “मॅडम, मी लई ओरडलो.”

“ओरडायचंच की,” मॅडम म्हणाल्या. “तुमची पोरगी खेळत होती.”

वैष्णवीचा राग मात्र गुडघा बरा होईपर्यंत टिकला. पुढच्या वर्षी तीच कर्णधार होती, ऐन दहावीत. त्या वर्षी अंतिम सामना आम्ही जिंकलो, आणि सगळ्यात मोठी शिट्टी तिच्या आडतवाल्या वडिलांची होती.

या उन्हाळ्यात मॅडमना नांदेडहून एका कॉलेजच्या संघासाठी बोलावणं आलं. जाण्याच्या दिवशी मुलींनी हट्ट धरला, आज तुम्ही खेळायचंच. त्यांना खेळताना आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. पंच मला केलं. मला नियम येत नाहीत, म्हणजे मी कुणाची बाजू घेणार नाही, असं मुलींचं म्हणणं. मॅडम उडी मारत नव्हत्या. जमिनीवरूनच टाकत होत्या आणि बॉल सरळ रिंगेत जात होता. तेवढ्यात सहावीतल्या एका चिमुरडीनं त्यांच्या हातावर फटका मारून बॉल पळवला. मी शिट्टी वाजवली नाही.

मॅडम तरातरा माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. केस सुटलेले, चेहरा लालबुंद. “सर, फाऊल हाय हो! धडधडीत मारलं तिनं! दिसून न्हाई राहिलं का तुम्हाला?”

“फाऊल नाही,” मी म्हणालो.

मुलींनी एकच गिल्ला केला. मॅडम डोळे वटारून माझ्याकडं बघत राहिल्या, मग हसू आवरेना म्हणून मैदानातच बसल्या. बाहेर नांदेडची गाडी हॉर्नवर हॉर्न देत होती. तरी “आधी फाऊल द्या, मग जाते,” म्हणत त्या काही उठेनात.