तिसऱ्या फेरीची हाक

दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होतो. आमच्या मीटिंगची व्यवस्था बघणाऱ्या माणसाने सांगितलं, "काल दुपारी, मुलुंडला. लिव्हर." मी "बरं" म्हणालो आणि उरलेली जुडी निवडून टाकली. याला आता पाच आठवडे झाले. दिनकर हे त्याचं खरं नाव नाही. दारू सोडायला धडपडणाऱ्यांच्या आमच्या मीटिंगला कोण येतं, काय बोलतं, हे बाहेर सांगायचं नसतं. तरी लिहितोय, त्याच्या मुलाला विचारून.

सात वर्षांपूर्वी सासुरवाडीच्या एका बारशात मी पिऊन पाळण्यावर धडपडलो. बाळाला काही झालं नाही, हे माझं नशीब. दुसऱ्या दिवशी बायकोने दिलेल्या डब्यासोबत एक फोन नंबर होता. तो आठ दिवस खिशात बाळगला आणि मग लावला. पलीकडच्या माणसाने नावसुद्धा विचारलं नाही. चर्चमागची शाळा, शनिवारी संध्याकाळी सहा, पहिला मजला, एवढंच. उभा जन्म घाटकोपरात गेला, पण मला ती शाळा सापडेना... म्हणजे सापडत होती, पाय आत वळत नव्हते. एकदा पुढे गेलो, चप्पल शिवणाऱ्याला उगाच स्टेशनचा रस्ता विचारला, परत आलो, पुन्हा पुढे गेलो. फाटकाशी एक किडकिडीत माणूस उभा होता, तोच दिनकर. तिसऱ्या फेरीला तो म्हणाला, "पाणी पितोस? वर थंड आहे."

"मी सहज आलोय," मी म्हणालो.

"मी पण सहजच येतो. चल, भियाव नको."

नंतर कधीतरी त्याने हिशोब सांगितला. पहिल्या फेरीला हाक मारली तर माणूस पळतो. चौथी फेरी तो मारतच नाही, सरळ बारमध्ये जातो. म्हणून तिसरी. मीटिंग सुरू झाल्यावरही हा पठ्ठ्या वीस मिनिटं खालीच उभा असायचा, कुणी उशिरा येईल म्हणून. वर प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पोरांचे पाढे, आणि एकेकाने उठून आपलं नाव सांगून म्हणायचं, मी दारुडा आहे. हे एक वाक्य म्हणायला मला चार शनिवार लागले. म्हटलं आणि हमसून रडलो. दिनकर शेजारी येऊन बसला. "झकास. आता चहा पी, निवतोय."

त्याची बायको पूर्वीच वारली होती. मुलगा नीलेश बोरिवलीला, बोलणं बंद. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून याने इतक्या वेळा शपथ घेतली आणि मोडली होती की पोराने शेवटी डोकं मागे घ्यायला सुरुवात केली. मी म्हणायचो, "अरे, पण आता सुटली ना? सांग की त्याला."

"काय सांगू? परत शब्द देऊ? माझ्या शब्दाला त्या घरात कुत्रं विचारत नाही. त्याला दिसेल तेव्हा दिसेल."

दारू सुटली, पण आधी प्यायलेली लिव्हरने माफ केली नाही. तेराव्याला मीटिंगमधले आम्ही चौघे बोरिवलीला गेलो. नीलेशने चहा दिला आणि विचारलं, "तुम्ही बाबांचे कोण?"

"चालायला जायचो एकत्र," मी म्हणालो.

"शेवटपर्यंत पीत होते ना?"

चौघांनी कपात तोंडं घातली. नियम आहे, असं आम्ही जिना उतरताना एकमेकांना सांगितलं. खरं म्हणजे मला माझी लाज वाटत होती. तेव्हापासून दिनकर मला कुठेही दिसायला लागला. सिग्नलपाशी, दूधवाल्याकडे, एकदा तर आमच्याच बिल्डिंगच्या गेटात, तसाच खांदे पाडून उभा. मी दोनदा, तीनदा समोरून जातो. तो हाक मात्र मारत नाही.

चौथ्या आठवड्यात मी एकटाच बोरिवलीला गेलो. नीलेश वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता. उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "नऊ वर्षं तुझ्या वडिलांनी थेंब घेतला नव्हता." वाटलं होतं, पोरगा रडेल, निदान माझ्यावर चिडेल.

"माहीत होतं काका," तो म्हणाला. "गेल्या दिवाळीत आले होते. या जाळीच्या दारापलीकडे उभे, हातात मिठाईचा पुडा. मी वास घ्यायला पुढे झालो... लहानपणापासूनची सवय. वास नव्हता. डोळे पण स्वच्छ. तेव्हाच कळलं मला. तरी जाळी नाही उघडली. म्हटलं, यांना पण जरा थांबू दे. आत गेलो, परत आलो तर नव्हते." त्याने हातातल्या टॉवेलची घडी घातली. "त्या दिवशी तुम्ही, हो, पीत होते, असं म्हणाला असतात ना, तर बरं झालं असतं."

मला ती दिवाळी झाल्यानंतरचा शनिवार आठवला. दिनकर उठून उभा राहिला होता आणि म्हणाला होता, "बोरिवलीला जाऊन आलो. घराला कुलूप होतं, गावी गेली असतील मंडळी." तो निदान गेला तरी, म्हणून आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. नऊ वर्षांत त्या खोलीत तो एवढं एकच खोटं बोलला असावा. मी ते नीलेशला सांगितलं.

त्याने जाळीकडे पाहिलं. "कुलूप होतं म्हणाले?"

"हो."

त्याने घडी घातलेला टॉवेल उलगडला आणि पुन्हा पहिल्यापासून घडी घालायला लागला.