दिवा राहू द्या

सोनगीरच्या तांबट आळीत उजाडलं की ठोकाठोकी सुरू व्हायची, ती दिवस मावळेपर्यंत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला तोताराम तांबट घागरी ठोकून-मठारून चाळिशीच्या आतच बहिरा झाला होता. त्याच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. आता मीठ आणा, हे ओरडून सांगता येतं. पण बायकोला नवऱ्याशी जे बोलायचं असतं, ते सासू-दिरांनी भरलेल्या घरात ओरडून कसं सांगणार?

झुंबरबाईचं, त्याच्या बायकोचं, मागणं काही जगावेगळं नव्हतं. जवळ येण्याआधी याने दिवा फुंकू नये, घाई करू नये, पाठीवरून जरा हात फिरवावा आणि तुला बरं वाटतं का, एवढं विचारावं. दोन लेकरं झाली तरी हे बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. अंधारात ती पुटपुटे आणि तो कूस बदलून घोरायला लागे. तिचा जीव अगदी विटून गेला होता.

मग तिने सवयच लावून घेतली. दिवसा दोघंच असताना, भाता ओढता ओढता, ठोक्यांच्या गदारोळात सगळं बोलून टाकायचं. कोणाला ऐकू जात नाही, मग लाज कसली?

एके दुपारी थकून ती म्हणाली, "जाऊ द्या. आते मी काहीच मांगाव नही."

तोतारामचा हातोडा थांबला. "काबर?" का नाही मागणार, असं त्याने हळूच विचारलं.

तिच्या हातातला भाता सुटला. ठोक्यांत जन्म गेलेली माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात, हे तिला काय ठाऊक नव्हतं? आळीत सगळेच ओळखत. आपला नवरा मान खाली घालून ठोकत बसतो, म्हणून तेवढा तिने त्यात धरला नव्हता.

"म्हंजे तुम्हले बठ्ठं, सगळं समजस? मंग दिवा काबर इझाडतस?"

तो ओशाळला. "उजेडमा तू काही इचारशी. मले जबाब देवा लागी. मले तसं बोलता येत नही."

इतकी वर्षं! तिला राग आला, रडूही आलं, पण भांडायचं त्राण उरलं नव्हतं. "मंग आते तरी आयका," ती म्हणाली.

ठोके थांबले म्हणून ओसरीवरून सासूने हाक दिली, "काय व्हयनं वं?"

झुंबरबाईने ओठ मिटले. हातातली घागर तर केव्हाच पुरी झाली होती. तोतारामने ती बाजूला सारली, हातोडा उचलला आणि रिकाम्या ऐरणीवर जोरजोरात ठोके घालत, तिच्या तोंडाकडे बघून मान हलवली, बोल.