पावलांची एकच ओळ

संध्याकाळी मामांना घेऊन समुद्रावर गेले होते. मामा निवृत्त कर्नल. सुरुंग पेरलेल्या जमिनीतून आपल्या जवानांना त्यांनी बाहेर आणलं, त्याचं शौर्यपदक घरी काचेच्या पेटीत आहे. तेव्हा पुढे मामा चालले होते आणि जवान त्यांच्या ठशांत पाय ठेवत मागून आले होते.

आज मी पुढे होते. सहज वळून पाहिलं, तर ओल्या वाळूत आम्हा दोघांची मिळून पावलांची एकच ओळ होती. माझ्या प्रत्येक ठशावर मामांनी नेमका आपला पाय ठेवला होता.

"मामा, इथे वाळूत काय असणार?" मी हसून विचारलं.

"काही नसतं," ते म्हणाले. "बहुतेक वेळा काहीच नसतं."

माझं हसू तिथंच विरलं. पदक मिळालं तेव्हा गावाने मिरवणूक काढली होती आणि भाषणांत जो तो म्हणत होता, या माणसाला भीती ठाऊकच नाही. पदक आम्ही सगळ्यांनी मिरवलं. भीती तेवढी ते एकटेच इतकी वर्षं सांभाळत आले.

आम्ही परत फिरलो. मधल्या वेळात भरतीचं पाणी येऊन गेलं होतं आणि वाळूवर एकही ठसा उरला नव्हता. मामा थांबले. त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"आपण आलो कुठून?"

लहानपणापासून मी याच वाळूवर धावत आले आहे. समोर ती कोरी, गुळगुळीत पसरली होती, आणि मला पाऊल उचलवेना.