सूर हलवायला शिकलो तेव्हा

सनईत मी तीन वर्षं काय केलं, हे सांगितलं तर लोक हसतात. एक जण सनई वाजवतो आणि दुसरा त्याच्याशेजारी बसून, तशाच दुसऱ्या सनईवर, एकच स्वर धरून ठेवतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच. गालात हवा साठवायची, नाकानं श्वास घ्यायचा, आवाज तुटू द्यायचा नाही आणि हलू तर मुळीच द्यायचा नाही. याला सूर धरणं म्हणतात. मी लासुर्ण्याच्या आबांच्या सनईला सूर धरायचो.

आबा आमच्या भागातले जुने सनईवाले. मी शेळगावचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. नव्वदीच्या सुरुवातीला मी बारामतीत मोटार वाइंडिंगच्या दुकानात कामाला होतो. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरायची, हा धंदा. गुरुवारी दुकान बंद असायचं, त्या दिवशी लासुर्णे. माझा सूर तसूभर थरथरला तरी आबा मांडीवर चापट मारत. "भिंत हायेस तू. भिंत हलती व्हय?" तीन वर्षांत मी चांगली भिंत झालो आणि मला त्याचा गर्वही झाला होता, हे आत्ताच सांगून टाकतो.

एका दिवाळीच्या सुमारास आबांचे वरचे पुढचे दात गेले. बारामतीला जाऊन त्यांनी कवळी बसवून घेतली, पण सनईची पत्ती ओठात धरून फुंकलं की कवळी सुटायची. एका बारशात त्यांनी सनई तोंडातून काढली, तर सनईबरोबर कवळीही बाहेर आली. लोक हसले, आबाही हसले. त्यानंतर मात्र त्यांनी सनईला हात लावला नाही. आणि वैशाखात त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न होतं.

मुलाकडच्यांनी निरोप धाडला की आम्ही सनईची कॅसेट आणतो, तुम्ही दगदग करू नका. चांगल्या मनानं धाडला असेल, पण आबांना तो फार लागला. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या लेकी वाजवून सासरी पाठवल्या होत्या. ते मला म्हणाले, "तू वाजवायची. सूर मी धरतो. तेवढ्याला ओठ पुरं हायेत."

"आबा, मला कुठं येतंय वाजवाय?"

"बोटं फिरत्यात की झ्याक. सूर तेवढा हलंना तुझा."

खरं होतं ते. शेजारी बसून बसून मला सगळं पाठ झालं होतं, पण माझा प्रत्येक स्वर ओळंबा लावल्यासारखा सरळ निघायचा. पाठवणीच्या वाजवण्यात पंचमावर थांबायचं असतं. तिथं स्वर आधी स्थिर लागतो, मग हळूहळू हेलकावे घेतो, आणि मांडवातल्या बाया नेमक्या तिथं पदर डोळ्याला लावतात. माझ्या पंचमावर त्यांनी फार तर घड्याळ बघितलं असतं.

आबांना आता वाजवून दाखवता येत नव्हतं. ते माझा हात आपल्या पोटावर ठेवायचे आणि तोंड मिटून गुणगुणायचे. "हितनं. गळा न्हाय, जबडा न्हाय. हितनं." त्यांचं पोट हलायचं ते हाताला कळायचं. माझं पोट काही ऐकेना. दोन-अडीच महिने असे गेल्यावर मी चोरवाट काढली. गळा आवळून सूर थरथरवला, आणि तो चांगला थरथरला की! मी खूश. घरामागच्या रानात उभा राहून सकाळ-संध्याकाळ तेच.

आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कळप विकून ऊस लावला होता. करमत नाही म्हणून पाच मेंढ्या तेवढ्या ठेवल्या होत्या. मी पंचम लावला, गळ्यानं हलवला, आणि बांधापलीकडून एका मेंढीनं ओ दिली. पुन्हा लावला, पुन्हा ओ. तिसऱ्यांदा ती चरायचं सोडून माझ्याजवळ आली आणि सनईचं तोंड हुंगायला लागली. तिचं स्वतःचं कोकरू तिकडं खुशाल उड्या मारत होतं.

तात्या उसाला पाणी देत दारं मोडत होते. वर न बघताच म्हणाले, "जा की. दूध प्यायची येळ झालीया तुझी."

पत्ती तोंडात, गाल भरलेले आणि हसू आवरेना. दुसरा कुणी असता तर त्यानं सनई काढून पोटभर हसून घेतलं असतं. पण मला तीन वर्षांची सवय, काही झालं तरी आवाज तोडायचा नाही. मी वाजवत राहिलो आणि आतल्या आत हसलो. पोट उडायला लागलं. त्याबरोबर पंचम उडायला लागला, गळा मोकळा असताना! मेंढीनं कान हलवले आणि ती निघून गेली.

ते हसू सावकाश करायला मला पुढं चैत्र उजाडला. एका गुरुवारी आबांना ऐकवलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि मग लेकीला म्हणाले, "च्या टाक गं."

लग्न इंदापूरच्या एका कार्यालयात होतं. सकाळपासून मी वाजवत होतो आणि आबा खुर्चीवर बसून सूर धरत होते. मुलाकडचे माना डोलवत होते. मला अगदी हवेत असल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी दारात जीप लागली. कुणीतरी म्हणालं, "आबा, उठा आता, लेक निघाली." आबांनी हातानंच थांबवलं.

लेक आली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून तशीच राहिली. सुराच्या सनईला बोटं लागत नाहीत, भोकं मेणानं बुजवलेली असतात. आबांचा एक हात सनईला होता, दुसरा त्यांनी लेकीच्या डोक्यावर ठेवला. आणि सूर हलला. आधी थोडा, मग चांगलाच.

मी पंचमावर पोचलो होतो. सहा महिने मी शिकलो ते ह्याच जागेसाठी, ह्याच पोरीसाठी. बाया माझ्याकडे बघत होत्या. पण खालचा सूर ढळलेला, त्यावर मी हलवणार काय! मी पंचम सरळ धरला, जितका सरळ धरता येईल तितका, आणि सोडलाच नाही. गाल दुखले, डोळ्यांपुढं अंधारी आली. आबांचा सूर माझ्या स्वराच्या आधारानं चाचपडत जागेवर आला, एकदा सुटला, पुन्हा आला आणि थांबला. जीप वळून दिसेनाशी झाली तेव्हा आम्ही दोघांनी सनया खाली ठेवल्या.

सामान टेम्पोत चढवायला मुलाचा मामा मागं राहिला होता. तो हात पुसत आला. "सकाळी काय वाजवलं राव तुमी! पाठवणीला मातुर जरा सपाट झालं."

"व्हय," मी म्हणालो. "झालं खरं."

आबा सनई फडक्यात गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "हालला तो माझा सूर, पाव्हणं. ह्यानं धरला, म्हणून माझी पोर सुरात गेली."