तिरुभुवनम्‌च्या रावांचा फोटो

सांगलीहून निघताना घरी सांगितलं, देवळं बघायला जातो. कुंभकोणमला देवळं इतकी, की कोणाला शंका आली नाही. खरं तर वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी एका माणसाला तोंड दाखवायला चाललो होतो, आणि ते जमेल असं मला वाटत नव्हतं.

सकाळी स्टेशनाबाहेर इडलीबरोबर कडप्पा (मूगडाळ-बटाट्याची पातळ भाजी) मागवला. अर्धा शर्टावर सांडला. तिरुभुवनम्‌ची बस समोर उभी होती. मी मुद्दाम उलट दिशेच्या बसमध्ये चढलो आणि तिरुवलंचुळीला उतरलो. देवळाच्या दारात दोन तास बसून राहिलो. शेवटी फुलं विकणारी म्हातारी हातवारे करत काहीतरी बोलली. मला कळलं ते असं : "तात्ता (आजोबा), देव आत आहे. माझ्याकडे काय बघत बसलाय?"

आत जायची हिंमत नव्हतीच.

कम्पालात मी तीस वर्षं कापडाच्या धंद्यात होतो. शेवटी शेवटी तिथला धंदा फोनवर आला. नाकातो नावाच्या बाईला ना दुकान, ना पाटी. फोनवरचा बायकांचा गट हेच तिचं दुकान. सकाळी ती रेशमाचे फोटो टाकायची, दुपारी बोडा-बोडा (भाड्याची मोटरसायकल) माल पोचवायची. न पाहिलेल्या मालावर भरवसा बसावा म्हणून एक रीत होती. तिरुभुवनम्‌चे व्यापारी सेतुमाधव राव प्रत्येक ताग्याचा एक धागा कॅमेऱ्यासमोर जाळायचे, राख बोटांत चुरून दाखवायचे आणि त्या दिवसाची तारीख बोलायचे. मग तो तागा माझ्याकडे यायचा आणि माझ्याकडून तिच्याकडे जायचा. गटातल्या बायका त्यांना चेहऱ्याने ओळखायच्या.

एका लग्नसराईत माल वेळेत येईना. मी बाजारातलं नकली रेशीम उचललं आणि रावांचा जुना व्हिडिओ, तारीख कापून, त्याबरोबर टाकला. एका नवरीच्या आत्याने घरी धागा जाळून पाहिला. खऱ्या रेशमासारखी राख झालीच नाही. वितळून काळी गोळी झाली. नाकातोने मला विचारलं. मी म्हणालो, "रावांनी फसवलं असेल." त्याच दिवशी रावांचा फोटो, खाली 'चोर' लिहून, किती गटांत फिरला कोण जाणे.

दुपारी एकदाचा तिरुभुवनम्‌ला पोचलो. गल्लीत मागांचा खडखडाट होता. मला वाटत होतं, राव सगळं ओळखून असतील आणि मला दारातच उभा ठेवतील.

"यावें, यावें दामले राव! जेवण जालें?" पिढ्यान्पिढ्या इकडेच राहिलेल्या त्यांच्या घराची मराठी आपल्याला जुन्या दप्तरातल्या पत्रांसारखी वाटते. मी हो म्हणालो. त्यांच्या पत्नीने कॉफी आणली.

राव खुर्ची ओढून जवळ बसले आणि फोन पुढे केला. "पाहा. दर शुक्रवारीं पाठवितों. ती नाकातो वाचीतच नाहीं. आजारी आहे काय हो?"

प्रत्येक व्हिडिओखाली एकच टिक. मी बोट फिरवत राहिलो. वर्षं सरकली, टिक एकच. नाकातोने त्यांना कधीच ब्लॉक केलं होतं. त्यांना ते ठाऊकच नव्हतं. ओरडा खाण्याची तयारी करून आलो होतो, याची नाही.

मी सगळं सांगितलं. आधी पत्नी बोलल्या.

"अय्यो! तिकडची मागणी थांबली तेव्हां ह्यांनीं म्हटलें मालांतच खोट, आणि दोन विणकरांस सोडलें. एक हल्लीं हॉटेलांत भांडीं घांसतो."

"तिकडे सांगितलेंत?" राव म्हणाले.

"नाही."

"मग मजला सांगोन काय होतें? त्या बायकांस सांगा. येथें बसोन."

त्या गटात मी अजून होतो. बायका मला 'म्झे' (आदराने, म्हातारबाबा) म्हणत, सणाला शुभेच्छा पाठवत. मी फोनमध्ये नुसता आवाज भरला, इंग्रजीत : चूक झाली, माल बदलला गेला, रावांचा दोष नाही. राव ऐकत होते.

"तुमचें नांव आलें नाहीं त्यांत."

"आवाज ओळखतील."

"माझें तोंड दाखविलें ना त्यांस? तुमचें दाखवा."

दुसऱ्यांदा बोलताना कॅमेरा तोंडासमोर धरला. मी दामले, मी व्हिडिओ कापला, मी खोटं बोललो. पाठवायचं बटण रावांच्या पत्नीने दाबलं; माझं बोट पुढे होईना.

अर्ध्या तासाने नाकातोचा व्हिडिओ कॉल आला. मी दुभाष्या व्हायला पुढे सरकलो. "तू नको, म्झे," ती म्हणाली. "मला त्यांना बघायचंय." राव आत जाऊन धुतलेला सदरा घालून आले. मी ओट्यावर जाऊन उभा राहिलो. आतून रावांचे तोडके इंग्रजी शब्द ऐकू येत होते, आणि तिचं रडणं. ते पुन्हा व्यवहार करतील का, ते मी विचारलं नाही. मला पोचवायला कोणी बाहेर आलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

परतीच्या गाडीत फोन उघडला, तर नाकातोने मला गटातून काढलं होतं. माझी कबुली तिच्या गटातल्या बायकांनी पाहिली असेल. पण तो फोटो गटाबाहेर कुठे कुठे गेला, ते नाकातोलाही सांगता येणार नाही. कम्पालातल्या कुठल्या तरी फोनमध्ये राव अजून चोर आहेत, आणि तो फोन कोणाचा हे मला कधीच कळायचं नाही.