खालून आलेली हाळी

भंडारदरा म्हणलं की तुम्ही लगेच सरसावून बसणार, मला माहितीय. आता काजवे येणार, धुकं येणार, चुलीवरची भाकरी येणार, आणि एक म्हातारा डोंगराकडं बघत काहीतरी खोल बोलणार. तर तसलं काही नाही. काजवे मी लहानपणापासून बघतोय, किडेच असतात. म्हातारा आहे, पण तो दिवसभर जे बोलतो त्यातलं निम्मं छापता येत नाही. भाकरी तेवढी आहे, शेवटी आहे, आणि ती मला अजिबात गोड लागली नाही.

ही गोष्ट एका वाटेची आहे. ती आठवली की अजून माझं डोकं फिरतं.

धरणाच्या वरच्या अंगाला आमचं गाव. मागं डोंगर, आणि डोंगरावर जायला वाट. आजे-पंजे, गुरं, शेळ्या, सगळे तिच्यावरनंच गेले. मग कुणीतरी कुठंतरी एसीत बसून ठरवलं की इथं पर्यटकांसाठी वाट पाहिजे. म्हणजे होती ती वाट उकरायची आणि तिथंच वाट करायची. फक्त तिला आता 'नेचर ट्रेल' म्हणायचं. दगडी पायऱ्या, कडेला कठडा, वर फोटो काढायला ओटा. आणि हे सगळं करायचं कुणी? ज्यांच्या पायानं ती वाट पडली, त्यांनीच. रोजंदारीवर.

टोळी गावातलीच. म्होरक्या तात्या, हाच तो म्हातारा. दगड कसा बसवायचा ते शिव्यांतनं शिकवायचा. माझी चुलती, आमची काकी, घमेल्यानं मुरूम वाहायची. मी पहारीवर. मी तालुक्याला, अकोल्याला होस्टेलवर राहून बारावी केली. तिथं बाकी काय शिकलो ते विचारू नका, पण नकला शिकलो. हजेरीला झोपलेल्या पोरांची 'हजर सर' मीच द्यायचो, प्रत्येकाच्या आवाजात. हेडमास्तरांच्या आवाजात एकदा शाळा सोडली होती. टोळीत पण रोज दुपारी जेवताना फर्माईश असायची. तात्याला त्याचीच नक्कल दाखवली तर म्हणायचा, "मी असा रेडा बोलतो व्हय रं?" आणि अगदी तसंच बोलायचा.

आता हाळीचं सांगतो. आमच्या कामात हाळी म्हणजे कायदा. वर खणणारे आणि खाली रचणारे एकमेकांना दिसत नाहीत, मधे करवंदीची जाळी. म्हणून वरचा ओरडतो, "येतोऽऽय!" खालचा सगळ्यांना बाजूला घेतो आणि ओरडतो, "सोऽऽड!" तोपर्यंत वरच्याच्या हातातनं खडासुद्धा सुटत नाही. साहेब आला, पाऊस आला, वाघ आला तरी नाही. निरोप पण असेच जायचे, वरून खाली, खालून वर. हाळी आली की पुन्हा विचारायचं नाही, करायचं. खालची हाळी माझ्याकडं होती, कारण माझा आवाज पल्ल्याचा.

आणि साहेब. ठेकेदाराचा इंजिनिअर. केडगावचा, म्हणजे नगर शहरातलाच. "अरे, मी पण खेड्यातलाच आहे," हे तो रोज सांगायचा. दाढेत लवंग धरल्यासारखा बोलायचा. हुकूम द्यायच्या आधी दोनदा खाकरायचा, मग "ऐका ना", मग "बेसिकली". असला माणूस म्हणजे नकलाकाराला दिवाळीच. मला तो पहिल्याच दिवशी पाठ झाला.

वाट काकीच्या शेताच्या पट्टीतनं जायची होती. पट्टीच्या बांधावर तिचा हिरडा, जुना, दोघांच्या कवेत न येणारा. त्याची कोवळी फळं, बाळहिरडा म्हणतो आम्ही, कातळावर वाळवून विकली की काकीचं घर चालतं. काका नारायणगावला टोमॅटोच्या कामावर. हिरडा नसता तर काकी पण तिकडंच पालात राहिली असती, आणि पोरीची शाळा सुटली असती. म्हणून काकीनं सुरुवातीलाच साहेबाला सांगितलं होतं, "माज्या रानातून जाऊ द्या वाट. पन झाडाला हात लावायचा न्हाई." साहेब म्हणला होता, "डोन्ट वरी, मावशी."

त्या दिवशी सकाळी डोन्ट वरीनं दोरी बांधली आणि आखणीची चुन्याची फक्की मारली. फक्की सरळ गेली ती झाडावर. बुंध्यावर पण पांढरा पट्टा ओढला पठ्ठ्यानं.

"आवो, तुमी म्हनला हुता…" काकी म्हणाली.

"ऐका ना मावशी. बेसिकली ड्रोनमधून वाट सरळ दिसली पाहिजे. आणि एकच तर झाड आहे. डोंगरभर झाडं आहेत."

गावभर काक्या पण आहेत, म्हणून एक पाडायची का? हे मी मनातल्या मनात म्हणलं. कारण तात्या गप्प. "बघू साह्यब," एवढंच. कुऱ्हाडवाले दोघं गप्प. काकीनं घमेलं उचललं आणि मुरमाकडं गेली. माझं टाळकं तापलं ते साहेबावर किती आणि आमच्यावर किती, हे मला आजपण सांगता येत नाही. एरवी तात्या गाढवाला पण सोडत नाही. शर्ट पॅन्टीत खोचलेला माणूस दिसला की ह्या सगळ्यांची जीभ कुठं जाते?

साहेब फोनला रेंज पाहिजे म्हणून खाली रस्त्यावर गेला. मी माझ्या जागेवर दगड रचत होतो. रचत कसला, आपटत होतो. तेवढ्यात जाळीपलीकडनं हाळी आली, "झाड पाडतोऽऽय!"

मी काय म्हणायचं होतं? "पाडाऽऽ!" बस. दोन अक्षरं. तोंड उघडलं, आणि बाहेर काय आलं? दोनदा खाकरणं.

"ऐका ना! बेसिकली झाड राहू द्या! वळण घ्या, वळण!"

वरनं तात्याचा आवाज, "काय म्हनलं साह्यब?"

"वळऽऽण! झाडाच्या डावीकडून!"

मग काय सांगू तुम्हाला. टोळी इतकी पळत काम करताना मी कधी बघितली नव्हती. तात्या दगड मागतोय, शिव्या देतोय, मधेच गुणगुणतोय. जेवणाच्या सुट्टीपर्यंत वळण माझ्यापर्यंत खाली उतरलं.

साहेब हातात थंड्याची बाटली घेऊन आला आणि माझ्यापाशीच थांबला. "हे वाकडं का चाललंय?" तात्या हात पुसत खाली आला.

"तुमीच सांगितलं की."

"मी? मी रस्त्यावर होतो!"

"खालूनच तर हाळी आली, साह्यब."

"खोटं बोलतो का रे म्हाताऱ्या?"

तात्याच्या नातवाच्या वयाचं पोरगं, आणि अरे-तुरे. तात्याच्या आयुष्यात त्याला लई जण लई काय म्हणले असतील, खोटारडा कुणी म्हणलं नव्हतं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि नुसती हातात धरली. मग मात्र मला राहवलं नाही.

"ऐका ना," मी म्हणलो. "बेसिकली मीच बोललो."

शपथ घेऊन सांगतो, मला माझ्या आवाजात सांगायचं होतं. तो राग इतका होता की साहेबाच्या नाकातनंच बाहेर आला. जाळीपलीकडं कुणीतरी फस्सकन हसलं. साहेब लाल झाला. "तू उद्यापासून दिसायचं नाहीस इथं!" मग जाळीकडं तोंड करून ओरडला, "पाडा रे ते झाड! आत्ताच्या आत्ता!"

वरनं सावकाश उत्तर आलं, "कोन बोलतंय?"

"मी! इंजिनिअर!"

"कोन सांगावं, साह्यब! मगाशी बी तुमीच हुता."

साहेब चढायला लागला. मी मागं. कामावरनं काढलाच होता, आता बघायला काय जातंय. वर गेलो तर काकी झाडाला पाठ लावून उभी. पदर खोचलेला, घमेलं पायापाशी.

"मावशी, बाजूला व्हा."

"न्हाई."

"अहो, ऐका ना…"

"तुमी ऐका. झाडाला हात न्हाई म्हनले हुते. आज बी तेच म्हनते."

तात्या येऊन तिच्या शेजारी उभा राहिला. मग कुऱ्हाडवाले, कुऱ्हाडी खाली टाकून. साहेबानं फोन काढला, रेंज नव्हती. त्यानं वळणाकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. उद्घाटन तोंडावर आलं होतं. "करा वळण," म्हणला. "ड्रोनचा अँगल मी ॲडजस्ट करतो."

अँगल ॲडजस्ट होत होता! सकाळपासनं होत होता! तिथं मला एक पहार कुणी दिली असती तर आज हे लिहायला मी बाहेर नसतो.

संध्याकाळी काकीकडं जेवायला गेलो. छाती काढून गेल्तो, खोटं कशाला बोलू. झाड वाचलं होतं. काकीनं ताटात भाकरी आदळली.

"बस मुडद्या. लई शाना झालास?"

"अगं काकी, झाड…"

"झाडाचं मला नको सांगू. मी घमेलं ठिवून बोलाया निघालेच हुते. तवर तुज्या तोंडातनं त्यो निघाला. तुला राग आला हुता ना? मग तुज्या नरड्याला काय झालं हुतं? का रागवाया बी साह्यबच लागतो तुला?"

मी भाकरी मोडली.

"आन हाळी खोटी केलीस. वरची आज हसत इचारत हुती, कोन बोलतंय. उद्या दगूड हातात घिऊन खरंच इचारतील. खालून सोड म्हनलं, तर ते खरं का ह्या भाड्याची नक्कल? तवर कुनाचं टाळकं फुटलं, तर त्याचा आवाज काढून दाखवशील का त्याच्या बायकोला?"

बोलायचं म्हणलं तरी कुणाच्या आवाजात, हाच प्रश्न होता.

"साह्यबानं तुला परत घेतलं तरी उद्यापासून खालची हाळी तात्या देनार," काकी म्हणाली, आणि ताटात कालवण वाढलं. "तू त्वांड उघडायचं ते खायाला. खा आता."